सात अभंग, सहा चेहरे आणि ७५ हजार रुपये

पत्र: ताई, आम्ही सहा जण मिरजेत अभंग करतो, मी पेटीवर असतो. सात अभंगांचा पहिला अल्बम रेकॉर्ड होऊन तयार आहे. तुकोबांचे चार, जनाबाईंचे दोन, सोयराबाईंचा एक. सहा चाली आमच्या आहेत, एक मात्र एका जुन्या गाजलेल्या रेकॉर्डवरची. कव्हर, पॅकिंग आणि जाहिरात सगळं मिळून ७५ हजार जमलेत, आणि आता कव्हरवरूनच भांडण लागलंय. निम्मे म्हणतात आपल्या सहा जणांचा फोटो टाका. एकाने एआयवर विठ्ठलाचं चित्र करून आणलंय, ते सगळ्यांच्या घरी आवडलंय. पखवाजवाल्याला लाकडी पेटीत पेनड्राईव्ह घालून विकायचाय. सीडी काढायची का? फ्लेक्स लावायचे, इन्स्टावर बूस्ट करायचं, की इन्फ्लुएन्सरला पैसे द्यायचे? रिलीज आषाढीला करू असं ठरतंय. सोबत तीन ट्रॅक, शब्दांची पानं आणि एआयचं चित्र पाठवतोय. तुम्ही कव्हरांची कामं करता म्हणून विचारतोय, स्पष्ट सांगा. - एक पेटीवाला, मिरज

अरे, सगळ्यात आधी ट्रॅक पाठवलेस हे फार बरं केलंस, कारण गाणं न ऐकता कव्हरवर मत देणारा माणूस मला पटत नाही. तिन्ही ऐकले, दोनदा ऐकले. जनाबाईंच्या अभंगाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा किती वेळ वाजतो, मग आवाज येतो, मग बऱ्याच वेळाने पखवाज, ते मला इतकं आवडलं की तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मला तिथेच मिळालं असं वाटतंय. तुमच्या अल्बमचा आवाज तानपुऱ्याचा आहे. शांत आहे, मोकळा आहे, मध्ये भरपूर जागा आहे. आणि एआयचं चित्र बघितलं तर त्यात जागाच नाही, केशरी आभाळ, सोन्याचे किरण, मागे कळस, खाली पताका घेतलेल्या वारकऱ्यांच्या काळ्या आकृत्या, सगळं एकावर एक. हे चित्र बघून जो माणूस प्ले दाबेल त्याला मोठ्या कोरसचं दणदणीत गाणं हवं असणार, तो तुमचा तानपुरा ऐकून दहा सेकंदात पुढे जाईल. आणि ज्याला तुमचंच गाणं हवंय तो हे चित्र बघून थांबणारच नाही.

त्या चित्राबद्दल अजून एक, जे तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही देव जाणे. विठ्ठलाचे दोन्ही हात कमरेवर असतात, तो विटेवर उभा असतो, कानात माशांच्या आकाराची मकरकुंडलं असतात. चित्रात एका हातात बासरी आहे आणि पायाखाली कमळ आहे. वारकरी घरातली आजी हे एका नजरेत ओळखेल, आणि तुमचे ऐकणारे तीच मंडळी आहेत. घरच्यांना आवडलं कारण चित्र चकचकीत आहे आणि पोरांनी केलंय म्हणून कौतुक आहे, ते कौतुक खरंच आहे, पण ते बाजूला ठेव. शिवाय देवाचं चित्र छापलं की ते पोस्टरवर जातं, पावसात भिजतं, फाटतं, पायाखाली येतं, आणि ज्याच्या हातात पडतं त्यालाही ते टाकवत नाही. म्हणून माझं सरळ मत, देवाचं चित्र नको.

आता सहा जणांचा फोटो. बघ, आज कव्हर सगळ्यात जास्त वेळा कुठे दिसतं तर मोबाईलच्या यादीत, अंगठ्याच्या नखाएवढं. वितरकाकडे (म्हणजे गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीकडे) तू ३००० बाय ३००० पिक्सेलची चौकोनी फाइल देणार, आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगात, पण बघणारा ती बघणार नखाएवढी. त्यात सहा चेहरे म्हणजे सहा ठिपके. तुमच्यापैकी कुणाचा चेहरा अजून लोकांच्या ओळखीचा नाही, तो होईल, पण आज नाही, त्यामुळे चेहऱ्यामुळे कुणी थांबणार नाही. फोटो काढा, जरूर काढा, चांगला काढा, तो प्रोफाइलला लागेल, वर्तमानपत्राला लागेल, कार्यक्रमाच्या आयोजकाला लागेल, आणि पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापू (पुस्तिकेचं पुढे सांगते). भांडण मिटवायला एवढं सांग की फोटो सगळीकडे जाणार आहे, फक्त कव्हरवर नाही.

मग कव्हरवर काय? तू मिरजेचा आहेस म्हणून हे सांगताना मला खरंच आनंद होतोय. तुमचा तानपुरा जिथे बनला ती सतारमेकरांची गल्ली तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखी असेल. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते तुला माहीतच असेल. पण ज्या भोपळ्याचा तानपुरा होतो तो भोपळा येतो कुठून? पंढरपूर, मंगळवेढ्याच्या भागातून. म्हणजे ज्या मातीतले अभंग तुम्ही गाता त्याच मातीतल्या भोपळ्यातून तुमच्या गाण्याचा सूर निघतोय. यापेक्षा चांगली गोष्ट कुठल्याही डिझायनरने बसून शोधली तरी सापडणार नाही रे. एखाद्या कारागिराकडे जा, परवानगी घे, आणि कापायच्या आधीच्या वाळलेल्या भोपळ्याचा फोटो काढ. एकच भोपळा. पॉलिश नाही, नक्षी नाही, दांडी नाही. बाजूने येणारं सकाळचं ऊन, मागे साधी भिंत किंवा पांढरा कपडा. तो गोल आकार नखाएवढा झाला तरी ओळखू येतो, आणि मोठा करून पोस्टरवर लावला तर त्याच्या सालीवरचे डाग, चरे सगळं बघत बसावंसं वाटतं. वर तुमच्या अल्बमचं नाव, ते तीनच अक्षरी आहे, म्हणजे मोठ्ठं लिहिता येईल.

रंग दोनच घ्या. बुक्क्याचा काळा आणि कागदाचा पांढरट. केशरी टाळा, केशरी वाईट म्हणून नाही तर अभंग शोधला की समोर येणारी बहुतेक कव्हरं केशरीच असतात, त्या गर्दीत एक काळं-पांढरं चौकोन लगेच दिसतं. दोन रंगात काम होतं का असं पखवाजवाला विचारेल. त्याला न्यूयॉर्कच्या ब्लू नोट कंपनीची १९५० आणि ६० च्या दशकातली जॅझची कव्हरं दाखव, रीड माइल्सने केलेली. फ्रान्सिस वुल्फचे फोटो, बऱ्याच कव्हरांना दोनच रंग, आणि अक्षरं इतकी हिमतीने मोठी की तीच चित्र होतात. पैसे कमी होते म्हणून रंग कमी वापरले, आणि आज साठ-सत्तर वर्षांनी जगभरचे डिझायनर ती कव्हरं समोर ठेवून शिकतात. त्याच्याही आधी, १९४० च्या सुमाराला, कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइसने पहिल्यांदा कव्हरवर चित्र काढायला सुरुवात केली. तोवर रेकॉर्डचे अल्बम साध्या पुठ्ठ्याच्या बांधणीत, हिशेबाच्या वह्यांसारखे कपाटात उभे असायचे. दुकानातून चालत जाणाऱ्या माणसाला थांबवायचं, एवढंच काम त्याने कव्हरला दिलं होतं. दुकान गेलं (मुंबईचं ऱ्हिदम हाऊससुद्धा २०१६ मध्ये बंद झालं), पण काम तेच राहिलंय, फक्त आता चालणाऱ्याच्या जागी स्क्रोल करणारा अंगठा आहे.

अक्षरांवर मात्र पैसे खर्च कर, मी तुला कुठे खर्च कर म्हणत असेन तर इथे. अल्बमचं नाव हाताने लिहून घे, चांगल्या सुलेखनकाराकडून, सांगली-कोल्हापुरात आहेत. आपल्याकडच्या नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती आठव, एवढ्याशा काळ्या-पांढऱ्या चौकटीत कमल शेडग्यांनी लिहिलेलं नाव असायचं आणि न वाचताच कळायचं कुठलं नाटक आहे ते. तीच अक्षरं तिकिटावर, तीच गडकरी-दीनानाथ नाट्यगृहांच्या बाहेरच्या बोर्डावर. तुमचंही नाव एकदा लिहून झालं की तेच कव्हरवर, पोस्टरवर, रीलच्या पहिल्या चित्रात, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला. पुन्हा दुसऱ्या फॉन्टमध्ये टाइप करायचं नाही, कितीही घाई असली तरी नाही.

बाकीचा मजकूर फॉन्टमध्ये. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट फुकट आहे, छपाईत वापरायची परवानगी आहे आणि वाचायला स्वच्छ आहे. पण तुझ्या डिझायनरला तीन गोष्टी सांगून ठेव. इंग्रजीत अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे, देवनागरीत ते केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात, अजिबात करू नको. दुसरं, बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श आपोआप हिंदी वळणाचे येतात, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी केली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे मराठी वळणाचे येतात, सातही अभंग विठ्ठलाचे म्हणजे ल किती वेळा येणार बघ! आणि तिसरं, प्रेसमध्ये जुनं सॉफ्टवेअर असेल तर युनिकोडचा मजकूर फुटतो, वेलांटी भलतीकडे जाते, रफार उडतो. म्हणून सगळा मजकूर कर्व्हज करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पीडीएफ द्यायची, आणि कर्व्हज केल्यानंतर पुन्हा एकदा डोळ्यांनी वाचायचं, त्याआधी वाचलेलं धरायचं नाही.

वितरकाच्या फाइलवर फक्त अल्बमचं नाव आणि ग्रुपचं नाव. फोन नंबर, वेबसाइट, इन्स्टाचं हँडल, "आता उपलब्ध", कुठल्या ॲपचा लोगो, यातलं काहीही टाकलंस तर कव्हर परत येतं आणि रिलीजची तारीख हुकते. नाव फाइलवर जे आहे तेच फॉर्ममध्ये भरायचं. आणि तुमच्या ग्रुपच्या नावात ज्ञ आहे, तो रोमनमध्ये चार जण चार तऱ्हेने लिहितात, एक स्पेलिंग आजच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर एकाच ग्रुपची दोन प्रोफाइलं होतात आणि ती जुळवत बसायला महिने जातात.

आता पॅकिंग. सीडी काढू नको. गाड्यांमधून सीडी प्लेयर गेले, लॅपटॉपमधून ड्राइव्ह गेले, आणि कारखान्यातून नीट सीडी काढायची म्हणजे कमीत कमी ५०० ते १००० नग मागतात, घरी खोकी पडून राहतील. पेनड्राईव्हचं पण तेच, लोक दुसऱ्या दिवशी त्यातली गाणी पुसून त्यात कामाच्या फाइली भरतात. लाकडी पेटी दिसायला सुंदर होईल याबद्दल मला शंका नाही, पण एका पेटीला जितका खर्च येईल त्यात पाच माणसांच्या हातात काहीतरी देता येईल.

देवळाबाहेर, यात्रेत, पंढरपुरात तर पावलोपावली हरिपाठाची छोटी पुस्तिका मिळते, माहितीये ना? शर्टाच्या खिशात मावते, घडीच्या रेघा पडतात, कोपरे मऊ होतात, तरी वर्षानुवर्षं माणूस तीच वापरतो कारण त्यातून तो म्हणतो. तुमचं पॅकिंग म्हणजे तशी पुस्तिका करा. ए सिक्स आकार, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, ए फोर कागदाचा बरोबर चौथा हिस्सा, म्हणून कागद वाया जात नाही. आत २४ पानं, मधोमध पिना, आणि पिनांच्या बांधणीत पानं चारच्या पटीतच घ्यावी लागतात हे लक्षात ठेव. एका अभंगाला दोन पानं, डावीकडे अभंग, उजवीकडे चार ओळीत अर्थ आणि ही चाल कशी सुचली ते. अभंगाचं अक्षर १३ पॉइंटच्या खाली नको, वाचणाऱ्यांत साठीच्या पुढचे बरेच असतील. अभंग पान उलटताना तुटायला नको, गाताना पान उलटायला हात मोकळा नसतो, टाळ असतो हातात. आणि दोन अभंगांचं स्वरलेखन द्या, भातखंडे पद्धतीने. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय म्हणून जरा थांबून सांगते. भजनी मंडळांना कायम नवीन चाल हवी असते. तुमची चाल त्यांच्या हातात लिहिलेली पडली आणि त्यांनी एका एकादशीला म्हटली, की पन्नास माणसांनी ऐकली, त्यातल्या पाचांनी विचारलं ही कुणाची चाल. एवढी खरी जाहिरात कुठल्याही बूस्टने होणार नाही.

शेवटच्या पानावर क्यूआर कोड, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, काळा कोड पांढऱ्यावरच, चारी बाजूंनी मोकळी जागा सोडून. फुकटातले बदलता येणारे कोड करून देणाऱ्या साइट असतात त्यांचे कोड काही दिवसांनी बंद पडतात आणि छापलेली पुस्तिका तशीच राहते, म्हणून कोड स्वतःच्या वेबपानाचा कर, एक साधं पान, त्यावर सगळ्या ॲपच्या लिंका. पुढे ॲप बदललं तर पान बदलता येईल, छपाई नाही.

छापायला कुठे जायचं तर लग्नपत्रिका करणाऱ्याकडे. मनापासून सांगते, आपल्या गावागावातल्या पत्रिकावाल्यांकडे जे कसब आहे त्याचा उपयोग गाण्यातली माणसं करतच नाहीत. स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छापणं), डाय कटिंग, फॉइल, एम्बॉसिंग, क्रीझिंग सगळं एका छताखाली, आणि २००-३०० नगांचं काम त्यांना लहान वाटत नाही. कव्हरला ३०० जीएसएमचा खाकी क्राफ्ट कागद घे, त्यावर काळी आणि पांढरी शाई स्क्रीनने मारून घे. साध्या चार रंगी छपाईत पांढरी शाई नसते, स्क्रीनमध्ये असते, आणि खाकीवरची पांढरी शाई हाताला लागते, बोट फिरवावंसं वाटतं. फोटो स्क्रीनवर घ्यायचा म्हणजे त्याचे ठिपके पाडावे लागतील, जाड ठिपके ठेव, भोपळ्याला ते शोभतील. आतली पानं साध्या ऑफसेटला, एकाच काळ्या रंगात. एवढ्या जाड कागदाला घडीच्या जागी क्रीझ, म्हणजे दाबून रेघ, मारायला सांगायला विसरू नको, नाहीतर घडीवर शाई तडकते. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जास्तीचा भाग. आणि छपाईला टाकायच्या आधी घरच्या प्रिंटरवर एक डमी काढून, पिना मारून, खिशात घालून दोन दिवस फिर. भरगच्च लग्नसराईत त्यांच्याकडे जाऊ नको, चातुर्मासात जा, तेव्हा मशीनं मोकळी असतात आणि तो माणूस तुझ्याबरोबर बसून शाईचे दोन-तीन नमुने काढून देईल.

त्यावरून रिलीजची तारीख. आषाढी नको. त्या पंधरवड्यात मोठ्या कंपन्या, चॅनेल, सिनेमावाले, सगळ्यांचे अभंग येतात, वितरकांकडेही गर्दी असते. कार्तिकीला करा. आषाढीला हवं तर त्यातला एकच अभंग सोडा, जनाबाईंचा, तानपुऱ्याने सुरू होणारा. मग मध्ये चार महिने मिळतात, छपाई निवांत होते, महिन्याला एक अभंग सोडता येतो आणि दर वेळी तोच भोपळा, तीच अक्षरं दिसत राहतात. स्पॉटिफायच्या लोकांना गाणं सुचवायचं असेल तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, पण तू तीन-चार आठवडे आधी फाइल चढव. मात्र आपल्याकडची कितीतरी मंडळी यूट्यूबवरच ऐकतात, तिथलं चित्र आडवं असतं, १२८० बाय ७२०, आणि खाली उजव्या कोपऱ्यात वेळ दाखवणारी पट्टी येते, त्या कोपऱ्यात नाव ठेवू नको.

आता ती जुनी चाल. हे लक्ष देऊन वाच. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण चालीवर असतो, संगीतकार जाऊन ६० वर्षं होईपर्यंत. त्याच्या वारसांची किंवा ज्या कंपनीकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी घ्यावी लागेल. कॉपीराइट कायद्यात कव्हर व्हर्जनची (जुनं गाणं नव्याने गाऊन काढायची) वेगळी वाट आहे, कलम ३१ सी, पण त्यात वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरतात, तुम्हाला ते झेपणार नाही. आणि पॅकिंगबद्दलही त्यात लिहिलंय, मूळ गायकाचं नाव किंवा फोटो कव्हरवर वापरायचा नाही, फसगत होईल असं वेष्टन करायचं नाही, आणि हे कव्हर व्हर्जन आहे हे कव्हरवर छापायचं. म्हणजे "अमुक बुवांच्या अजरामर चालीत" असं जाहिरातीत टाकायचा मोह होईल, तो आवर. दोन महिन्यांत परवानगी आली नाही तर तो अभंग अल्बममधून काढा, सहाच ठेवा किंवा त्याच शब्दांना स्वतःची चाल लावा, तुम्हाला लावता येते हे मी ऐकलंय.

कायद्याचंच चाललंय तर, कलम ५२ ए प्रमाणे रेकॉर्डिंगवर आणि त्याच्या वेष्टनावर रेकॉर्डिंगच्या निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्क ज्याचे आहेत त्याचं नाव-पत्ता आणि पहिल्यांदा प्रकाशित झाल्याचं वर्ष छापायचं असतं. पुस्तिकेत गाणं नसलं तरी मी तेच पुस्तिकेवरही छापेन. सुलेखनकाराकडून आणि फोटोवाल्याकडून हक्क लेखी घे, सहीसकट, आणि किती वर्षांसाठी, कुठे कुठे वापरायचं ते लिही, कारण मुदत लिहिली नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो आणि जागा लिहिली नसेल तर फक्त भारत. श्रेयनामावलीत तानपुरा ज्याने बनवला त्याचं नाव घाल, रेकॉर्डिस्टचं घाल, पत्रिकावाल्याचं पण घाल. त्याच्या दुकानात ती पुस्तिका काउंटरवर राहील बघ.

जाहिरात. फ्लेक्स नाही. परवानगीशिवाय चौकात लावणं बेकायदेशीर आहे, महाराष्ट्रात विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, आणि परवानगी काढून लावला तरी चौकातल्या वाढदिवसांच्या फ्लेक्समध्ये तुमचा भोपळा हरवेल. त्याऐवजी ए थ्री आकाराची पोस्टरं, त्याच पत्रिकावाल्याकडून, त्याच दोन शायांत, साठेक पुरतील. कुठे लावायची तर जिथे माणूस थांबतो तिथे, विचारून, वाद्यांच्या दुकानात, संगीत क्लासमध्ये, वाचनालयात, नाट्यगृहाच्या फलकावर, चहाच्या टपरीवर. पोस्टरवर मजकूर थोडाच. "घेऊन येत आहोत एक आगळावेगळा सांगीतिक नजराणा" हे वाक्य कुणाच्याही डोक्यात काही उभं करत नाही. त्याऐवजी जे खरं आहे ते लिही: सात अभंग, सहा नव्या चाली, मिरजेचा तानपुरा. खाली तारीख, खाली कोड. सात जमले नाहीत तर सहा लिही.

इन्फ्लुएन्सरला पैसे नको. स्ट्रीम विकत देतो म्हणणारे येतील, त्यांना तर दारातूनच परत पाठव, खोटे स्ट्रीम पकडले की गाणं काढून टाकतात, आणि २०२४ पासून स्पॉटिफाय अशा गाण्यांसाठी वितरकांकडून दंडही घेतं, तो शेवटी तुमच्याच खिशातून जाणार. रील स्वतः करा. भोपळा कापण्यापासून जवारी लावेपर्यंतचं (घोडी घासून तारेचा सूर घुमवेपर्यंतचं) काम कारागिराच्या परवानगीने शूट करा, उभं, १०८० बाय १९२०, मागे तुमचाच तानपुरा. तेच तुकडे वापरून स्पॉटिफायचं तीन ते आठ सेकंदांचं फिरतं चित्र पण होईल. बूस्ट लगेच करू नको, चार-पाच रील टाकून बघ, ज्याला लोक आपणहून शेवटपर्यंत बघतायत त्यालाच पैसे लाव, आणि जिथे कार्यक्रम आहे त्याच शहरापुरते. आकाशवाणी सांगलीला आणि तिथल्या वर्तमानपत्रांच्या स्थानिक आवृत्त्यांना एक पान माहिती, सहा जणांचा फोटो आणि पुस्तिका नेऊन दे, हातात दे, मेलवर अवलंबून राहू नको. तानपुऱ्याच्या भोपळ्याची गोष्ट कुठल्याही बातमीदाराला लिहावीशी वाटेल.

पैशाचं मी असं करेन, सुलेखन १२ हजार, फोटो ६, सगळं डिझाइन मिळून १५, ३०० पुस्तिकांचे २४, पोस्टरं ६, बूस्ट आणि रीलचं एडिटिंग ७, आणि ५ हजार हातात ठेवायचे, चुकलेलं पान पुन्हा छापायला. दर गावागणिक बदलतात, तीन ठिकाणी विचार. पुस्तिका फुकट वाटू नको, कार्यक्रमानंतर दीडशेला ठेव, फक्त भजनी मंडळांना फुकट दे. आणि पखवाजवाल्याची लाकडी पेटी एकदम मोडीत काढू नका, त्याने मनापासून सुचवलंय, पुस्तिका ठेवायला कार्यक्रमाच्या टेबलावर एक पेटी लागणारच आहे, ती त्याच्याकडून बनवून घ्या.

एक राहिलंच, सोयराबाईंच्या अभंगाच्या दुसऱ्या कडव्यात तुमची गायिका ट्रॅकवर एक शब्द म्हणतेय आणि तू पाठवलेल्या पानावर दुसरा आहे. कुठल्या गाथेतला पाठ घेतलाय ते बघा, छपाईला जायच्या आधी दोन्हीतलं एक ठरवा, आणि ट्रॅक बदलावा लागणार असेल तर ते आषाढीच्या आधीच करून घ्या.